पोट्टे मला 'पोप' म्हणतात

पत्र लांब होतं, मी थोडं छाटलंय:

"माई, मी बीएस्सी सेकंड इयरला आहे, नागपूरच्या मेकोसाबागला राहतो. घरचे पक्के चर्चवाले, मी पण युवक संघात गिटार वाजवतो. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी टायट्रेशनची रीडिंग सेट करून, म्हणजे मनानं जुळवून, लिहिली, मी बाकीच्यांसारखं केलं नाही, खरी लिहिली, ९.३, ९.९, ९.६. मला २० पैकी १३ आणि त्यांना १८-१९. मग पुढच्या आठवड्यात माझ्या बेंचवरचा दोस्त (गडचिरोलीकडचा आहे, रात्री डिलिव्हरीचं काम करतो म्हणून सकाळी येत नाही) म्हणाला प्रॉक्सी मार. मी सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर ठेवून सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, मी खोटं बोलत नाही. तेव्हापासून तो बोलत नाही आणि पोट्टे मला पोप म्हणतात. आई म्हणते प्रभूसाठी सोसावं लागतं. बाबा म्हणतात, काहून एवढं ताणून धरतं बे, जरा प्रॅक्टिकल हो. पण बाकीच्यांसारखं मला होता येत नाही. मी चुकलो का? आणि बीएस्सीनंतर एमएस्सी करू की रेल्वेच्या परीक्षा देऊ, देवाची इच्छा कशी ओळखायची तेही सांगा."

बाळा, जय ख्रिस्त. (मी स्वतः महालातल्या वाड्यात वाढलेली, कट्टर गणपतीवाली, पण लग्नानंतर सदरला आले आणि तीस वर्षं शेजार ख्रिस्ती आहे, नाताळात त्यांच्या करंज्या इकडे आणि दिवाळीत आमच्या तिकडे, त्यामुळे तोंडात बसलंय ते.)

आधी मार्कांचं बोलू, कारण तिथं मला तुझ्या आईचं पटलं नाही. रीडिंग खरी लिहिलीस ते एकदम बरोबर, त्यात मी एक शब्द मागे घेणार नाही. पण ९.३ आणि ९.९ म्हणजे अर्ध्या एमएलच्या वर फरक आहे रे! टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून किती लागलं ते मोजताना, रीडिंग जुळेस्तोवर परत परत करायची असते ना. ब्युरेटच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा राहिला होता का, डोळा लेव्हलला होता का, फिनॉल्फ्थॅलिनचा (रंग बदलून कुठं थांबायचं ते सांगणारं औषध) रंग फिकट गुलाबी झाल्या झाल्या थांबलास की पार राणी कलर येईस्तोवर नळी सोडून गप्पा मारत होतास? सरांनी सात मार्क कापले ते तुझ्या विश्वासाचे नाही कापले, हाताचे कापले. त्याला प्रभूसाठी सोसणं म्हणू नको, प्लीज. बाकीच्यांना १९ मिळाले ते चूकच, पण म्हणून तुझे १३ काही हौतात्म्य होत नाही.

आणि तुमच्याच शास्त्रात पौलाचं सांगणं आहे ना, की जे काय करता ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून मन लावून करा. मग त्यात ब्युरेट धुणं पण आलं की नाही?

मला यावर खगोलशास्त्रज्ञ केप्लर आठवतो नेहमी. त्याला खरं तर पाद्री व्हायचं होतं, ट्यूबिंगेनला धर्मशास्त्र शिकत होता, पण गणिताकडे गेला. मंगळाची कक्षा बसवायला त्यानं वर्षं घालवली आणि शेवटी एक थिअरी जवळपास बसली, ग्रहांच्या जागा वर्षानुवर्षं मोजणाऱ्या टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी फरक राहिला फक्त ८ मिनिटांचा, घड्याळातली मिनिटं नाही, कोनाची, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र दिसतो त्याच्या साधारण पाव भाग. आपल्या लॅबमध्ये कोणी म्हणालं असतं जाऊ दे ना, सेट कर. पण त्यानं अख्खी थिअरी टाकून दिली, कारण त्याच्या मते टायकोसारखा निरीक्षक मिळणं हीच देवाची कृपा होती, ती नाकारायची नसते. त्यातून पुढं कक्षा लंबवर्तुळाकार निघाली, १६०९ ला छापलं. आता यातली गंमत बघ, केप्लर त्या ८ मिनिटांवर अडून बसू शकला कारण टायकोनं दुर्बीण नसताना, नुसत्या डोळ्यानं, इतकं नीट मोजून ठेवलं होतं. टायकोचा हात कच्चा असता तर केप्लरच्या खरेपणाचं काय लोणचं घालायचं होतं? हे जग कोणीतरी नीट रचलंय असं मानणाऱ्या माणसाला मोजताना आळस करून चालत नाही, एवढंच मला त्यात दिसतं. आपल्या गावातले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप पण त्याच जातीचे, पाद्री असून नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा करत फिरायचे, हिस्लोपाइट नावाचं खनिज त्यांच्याच नावावर आहे. पोट्ट्यांना वाटतं हिस्लॉप म्हणजे फक्त कॉलेज.

बरं, आता दोस्ताचं. इथं मात्र मला तुझा राग आला.

प्रॉक्सी नाही मारली, बरोबर. पण स्पीकरवर? वर्गासमोर? आणि तो रात्री डिलिव्हरी करतो ही गोष्ट तू कंसात टाकलीस बाळा, कंसात! मला तर अख्ख्या पत्रात तेवढंच महत्त्वाचं वाटलं. गडचिरोलीकडून आलेला पोरगा नागपूरच्या थंडीत रात्री एक-दीड वाजता दुसऱ्यांची बिर्याणी पोचवतो आणि सकाळी आठच्या लेक्चरला डोळे उघडत नाहीत त्याचे, आणि तुला त्यात दिसलं काय, तर तुझ्या विश्वासाची साक्ष.

'बाकीच्यांसारखं' हा शब्द छाटण्याआधीच्या पत्रात सहा वेळा होता, मी पेन्सिलनं गोल केले. तू संडे स्कूलला गेलेला आहेस म्हणजे परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदाराची (कर गोळा करणारा, लोक ज्याला पापी समजायचे) गोष्ट तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार. मंदिरात दोघं प्रार्थनेला उभे, परूशी म्हणतो देवा तुझे आभार, मी इतर माणसांसारखा नाही. उपास करतो, दशांश देतो, आणि खोटं नाही बोलत हं तो, खरंच करत असेल सगळं. तरी येशूनं पास केलं जकातदाराला. मी काही पाळक नाही, पण वाचताना मला दर वेळी वाटतं की ही गोष्ट चांगल्या पोरांसाठीच सांगितलेली आहे.

बायबलमधला दानीएल बघ. बाबेलला नेलेली पोरं, म्हणजे होस्टेलवालेच समज, तीन वर्षांचा कोर्स. परकी भाषा शिकले, परकी विद्या शिकले, नावं बदलली तीही चालवून घेतली, फक्त राजाच्या ताटातलं खायचं नाही एवढ्या एका जागी पाय रोवला. आणि रोवला कसा? मुख्य अधिकारी म्हणाला की तुम्ही वाळलेले दिसलात तर राजा माझं मुंडकं उडवेल. दानीएलानं त्याची भीती ऐकून घेतली आणि त्याच्या हाताखालच्या कारभाऱ्याला म्हणाला दहा दिवस भाजी-पाणी देऊन बघा, मग ठरवा. समोरच्याची मान वाचेल असा रस्ता काढला त्यानं. तू दोस्ताला कोणता रस्ता दिलास?

मी बीएस्सीला होते तेव्हाची गोष्ट सांगते. मी पण रीडिंग मैत्रिणीची उतरवली होती, आणि आमच्या मॅडमनी जर्नल बघताच ओळखलं, कारण चूक पण तीच उतरवली होती मी! ख्रिस्ती होत्या त्या, पांढरी साडी, गळ्यात बारीक क्रॉस. वर्गात काही बोलल्या नाहीत. पाच वाजता लॅब रिकामी झाल्यावर म्हणाल्या, चल, आपण दोघी करू. शेवटचे थेंब पडताना माझ्या मनगटाला खालून दोन बोटं लावून धरली होती त्यांनी, हात थरथरत होता माझा. साडेसहा वाजले. मग जुनं पान खोडायला लावलं आणि खाली नवीन रीडिंग लिहायला लावली, तारखेसकट. देवाचं नाव पण काढलं नाही. मी आजही किराण्याचा हिशोब खोटा लिहू शकत नाही, नवऱ्याला विचार.

तर आता करायचं काय. आज रात्रीच दोस्ताला फोन कर, स्पीकर बंद ठेवून. सॉरी म्हण, पण प्रॉक्सी न मारल्याबद्दल नको, सगळ्यांसमोर उघडं पाडल्याबद्दल म्हण, दोन्हीत घोळ घालू नको नाहीतर पुढच्या आठवड्यात परत तेच मागेल. त्याला विचार की ही नोकरी लागते कशाला. स्कॉलरशिप अडकली असेल तर महाडीबीटीवर (सरकारची स्कॉलरशिपची वेबसाइट) फॉर्म कॉलेजच्या लेव्हलला थांबलाय की पुढं, हे बघायला एक चिकट माणूस लागतो, आणि तू चिकट आहेस हे पत्रावरून कळलंच मला. ७५ टक्के हजेरीचं गणित मांडा, अजून किती लेक्चर चुकले तर चालतील, आणि मग दोघं मिळून एचओडींकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे, जा, प्रॅक्टिकलची दुपारची बॅच मागा. नाही म्हणाले तर नाही, पण तू सोबत गेलेला असशील. नोट्स दे. सकाळी सातला मिस्ड कॉल दे. गडी लगेच गोड बोलेल असं नाही, महिनाभर तोंड फुगवूनही बसेल.

पोप म्हणतात तर म्हणू दे, हसून घे. आम्हाला तर कॉलेजात काय काय म्हणायचे, इथं लिहिता येणार नाही.

एमएस्सी की रेल्वे, यासाठी आकाशवाणीची वाट बघू नको. दोन्ही चांगली कामं आहेत. घरी पैशाची अडचण किती आहे ते बाबांना सरळ विचार, आणि केमिस्ट्री खरंच आवडते का ते स्वतःला विचार, प्रार्थना तर तू करशीलच. सेकंड इयरला आहेस, वेळ आहे.

आणि सरांना भेटून ते टायट्रेशन परत करू द्या म्हणून विचार. मार्क वाढवायला नाही म्हणावं, हात बसवायला. जुन्या रीडिंगचं पान फाडू नको, खाली नवीन लिही, तारखेसकट.

माई