अगरबत्ती आणि रूम फ्रेशनर सोडून वासाचा कलेत, डिझाइनमध्ये खरंच काही उपयोग होतो का?

होतो की, आणि तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता होतोय. सिलेंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, आपल्याला येतो तो सडक्या कोबीसारखा उग्र दर्प मुद्दाम घातलेला असतो, इथाइल मर्कॅप्टन नावाचं रसायन आहे त्याचा. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा गॅस गळत राहिला, कुणाला कळलंच नाही आणि स्फोटात जवळपास ३०० जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये वास घालायचे कायदे झाले. हा वासाचा इशारा कळायला वाचता येत नसलं तरी चालतं, अंधार असला तरी चालतं, शेजारच्या खोलीतल्या आजीला पण कळतं. मी स्वतः सांगलीत प्रदर्शनांचे स्टॉल आणि दुकानांच्या इंटिरिअरची कामं करतो, पण याच्या तोडीचं डिझाइन माझ्या तरी बघण्यात नाही.

तुम्ही डिझाइनच्या विद्यार्थिनी आहात असं लिहिलंय म्हणून थोडं सविस्तर सांगतो. माझं म्हणणं एकच आहे, वास सोडणं सोपं असतं, तो आवरणं हे खरं काम. १९६० मध्ये अमेरिकेत स्मेल-ओ-व्हिजन म्हणून प्रयोग झाला होता, थेटरात खुर्च्यांना नळ्या लावून पडद्यावरच्या प्रसंगाप्रमाणे वास सोडायचे. चालला नाही. काही ठिकाणी वास उशिरा पोचायचा, आणि दृश्य कट करता येतं तसा वास कट करता येत नाही.

हे मला पुस्तकातून नाही, हळदीतून कळलं. काही वर्षांपूर्वी इथं हळदीवर एक छोटं प्रदर्शन उभं करायचं होतं, एकच खोली. मी काय केलं, ऑनलाइन 'हळदीचा सुगंध' म्हणून तेल मागवलं आणि कोपऱ्यात डिफ्युझर लावला. पोती मांडायला मार्केट यार्डातले एक म्हातारे हमाल आलेले, आयुष्य हळदीच्या पोत्याखाली गेलेला माणूस, ते दारातच थांबले आणि म्हणाले, "हे हळदीचं न्हवं वो, औषधाच्या दुकानातलं वाटतंय." बरोबर होतं त्यांचं. शिवाय पाच-दहा मिनिटांत आम्हा सगळ्यांच्या नाकाला त्याची सवय झाली, म्हणजे वास होता पण जाणवत नव्हता, आणि बाहेरून येणाऱ्याला मात्र डोकं धरायला लागत होतं. मशीन काढलं, खोली दोन दिवस उघडी टाकली.

मग घट्ट झाकणाची मडकी ठेवली. एकात नुकती मोडलेली ओली हळद, आल्याच्या जवळ जाणारा कच्चा वास. एकात शिजवलेली, रोज सकाळी ताजी आणायचो, झाकण काढलं की गरम मातीसारखा जड वास अंगावर यायचा, जानेवारी-फेब्रुवारीत रानात हळद शिजवायच्या काहिली, म्हणजे मोठ्या कढया, लागतात तेव्हा येतो तोच. एकात पॉलिश केलेलं हळकुंड. एकात तीन वर्षं जुनी पूड, पिवळी दिसतेय पण वास मेलेला, कारण रंग कर्क्युमिनचा असतो आणि वास टर्मेरोनसारख्या तेलांचा, ती उडून जातात. आणि शेवटच्या मडक्यात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातली माती. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद वर्षानुवर्षं साठवायचे, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. एक आज्जी सुनेबरोबर आल्या होत्या, त्यांनी ते झाकण उचललं, वास घेतला, परत घेतला आणि मला विचारलं, "कुणाच्या पेवातली हाय ही?" मी नाव सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि झाकण दोन्ही हातांनी नीट दाबून बसवलं. भिंतीवर पेवांचे मोठे फोटो होते, त्यांच्यापुढं कुणी असं थांबलेलं मी पाहिलं नाही. डोळ्या-कानाचं सगळं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यातून जातं, वास तिथं न थांबता थेट भावना आणि आठवणीच्या भागांपर्यंत जातो, असं विज्ञान सांगतं, पण त्या आज्जींकडं बघून मला ते खरं पटलं.

कलेत म्हणाल तर ब्राझीलचा एर्नेस्टो नेटो ताणलेल्या कापडाच्या लांब पिशव्यांत हळद, लवंग, मिरी भरून छताला टांगतो, म्हणजे आपल्या यार्डातलंच सामान. सिसेल टोलास ही नॉर्वेची बाई बर्लिनमध्ये हजारो वासांचा संग्रह करून बसलीय, त्यात घाणेरडे वाससुद्धा, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण वास म्हटलं की लगेच सुगंधाकडं पळतो. आणि हे सगळं तिकडचं आहे असं समजू नका. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचं, म्हणजे सुगंधी मिश्रणं बनवायच्या कलेचं, अख्खं प्रकरण आहे, १६ द्रव्यांतून चार-चार घेतली तर १८२० मिश्रणं होतात असा हिशोब त्यात आहे, सहाव्या शतकात. गंधवाद नावाच्या जुन्या ग्रंथावर तर मराठी टीका आहे, पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी त्यावर लिहिलंय.

सुरुवात करायची तर एक वही करा आणि रोजचे वास लिहा, पण 'छान' आणि 'घाण' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. कुबट, खवट, करपट, आंबूस, कोंदट, खमंग, उग्र, मराठीत ढीगभर शब्द पडलेत. एखाद्या दिवशी मिरजेत सतारमेकर गल्लीत जा, भोपळा, लाकूड आणि पॉलिशचा वास दुकानागणिक कसा बदलतो ते लिहा. नमुने काचेच्या बरणीत ठेवा, प्लास्टिकला आधीचा वास चिकटून राहतो. प्रदर्शनात लावणार असाल तर दम्याच्या लोकांसाठी दारावरच पाटी लावा आणि खिडकी कुठं आहे ते आधी बघा, वास कुठून सोडायचा ते नंतर ठरवा.