परसदार : ‘लवकर’ आला, होळीला संपला

काकू, सा. न. बंगल्यामागे माझी दहा बाय बारा फुटांची जागा आहे. दिरांनी मंचरहून ‘लवकर’ जातीच्या बटाट्याचं 2 किलो बेणं आणून दिलं. दिवाळीनंतर लावलं, पंचाहत्तराव्या दिवशी काढलं, 17 किलो निघालं. घरभर कौतुक झालं! धुऊन पुसून क्रेटमध्ये भरले आणि स्वयंपाकघरात कांद्यांशेजारी ठेवले. होळीपर्यंत निम्म्यांना कोंब. काही हिरवे पडले, काहींच्या डोळ्यांपाशी काळा भुसा दिसतोय. फ्रिजमध्ये ठेवलेल्यांचे काप तळले तर कडू-काळे. माझं काय चुकलं? आणि यातलंच बेणं पुढच्या दिवाळीला ठेवता येईल का?
— एक वाचक, निगडी

पिकवण्यात काहीच चुकलं नाही. एवढ्याशा जागेत 17 किलो काढले, तुम्ही मलाच दोन गोष्टी शिकवाल. चुकलं ते शेवटच्या पंधरा दिवसांत.

आधी या जातीचा स्वभाव समजून घ्या. ‘कुफरी लवकर’ ही सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची 1972 सालची जात. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव, म्हणून त्यांच्या सगळ्या बटाट्यांचं आडनाव कुफरी. चंद्रमुखी, ज्योती, सिंदुरी, पुखराज या मंडळींत ‘लवकर’ हे आपलं मराठी नाव, कारण ती मुळात दख्खनच्या पठारासाठी काढलेली. आपली थंडी जेमतेम अडीच महिने. रात्री वीस अंशांच्या वर गेल्या की बटाटा पोसायचा थांबतो. त्याआधी पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत आटपणारा बटाटा हवा होता, तो हा. पांढरा, गोल. आटपतो मात्र सगळ्याच बाबतीत भराभर. काढल्यावर बटाटा काही आठवडे झोपलेला असतो, डोळे उघडत नाही. माझ्या अनुभवात ‘लवकर’ची झोप दीड-दोन महिन्यांची. तुम्ही काढला जानेवारीच्या शेवटी, होळी आली मार्चात. वर स्वयंपाकघरातली ऊब. तो वेळेवर उठला, एवढंच.

आता ते पंधरा दिवस. माझं माहेर सातगाव पठारावरचं, पेठचं. तिथला बटाटा पावसाळी : जूनमध्ये लावायचा आणि पितरपाटाच्या आसपास काढून थेट बाजारात न्यायचा. साठवायचा प्रश्नच नसे. साठवण पाहिली ती आत्याकडे, खाली मंचरजवळ घोड नदीकाठी. तिचा बटाटा रब्बीचा. ती काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडायची, मग विळ्याने सगळा पाला जमिनीलगत कापून टाकायची. हिरवागार पाला कापताना माझा जीव तुटायचा. दहा दिवस बटाटा तसाच जमिनीत. मग एखादा उकरून त्यावर अंगठा घासायची. साल सोलवटली तर परत मातीत दाबायची आणि म्हणायची, “अजून ओला आहे पोरगा.” साल घट्ट झाली की काढणी. तुमच्या पत्रात पाणी तोडल्याचा उल्लेख नाही. पुसताना साल निघत होती का, आठवून पाहा. पंचाहत्तराव्या दिवशी पाला कापायचा होता, बटाटा नव्हे.

खायचा असेल तर एवढं थांबायची काही गरज नाही. साठाव्या दिवसापासून वरंब्याच्या कुशीत हात घालून अंड्याएवढे बटाटे काढत जावेत, झाड तसंच ठेवावं. सालीसकट मिठाच्या पाण्यात उकडून वर लसणाची चटणी. पण खायचा बटाटा वेगळा आणि ठेवायचा वेगळा, हे काढायच्या आधीच ठरवायला हवं.

धुतलात ते मात्र वाईट केलंत. बटाट्याला पाणी लागलं की डोळ्यांच्या खाचेत ओल राहते आणि तिथूनच सड सुरू होते. माती वाळली की आपोआप झडते. काढल्यावर आठ-दहा दिवस सावलीत ढीग करून वर गोणपाट टाकायचं, म्हणजे कुदळीच्या जखमा भरून येतात. मग निवड. कापलेले, खरचटलेले त्याच आठवड्यात भाजीला.

काळ्या भुशाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे माझ्याही घरी झालंय. लग्नानंतर तळेगावला पहिल्यांदा बटाटा लावला, तेव्हा काढायला संध्याकाळ झाली. दमले होते. ढीग वाफ्यातच उघडा ठेवला, म्हटलं सकाळी आत नेऊ. तीन आठवड्यांनी भाजीला घेतलेल्या बटाट्याच्या डोळ्यापाशी मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे चिकटलेले दिसले. वाटलं मातीच असेल. चिरला तर सालीखालून वेडावाकडा बोगदा, आत तोच काळा कचरा आणि टोकाला गुलाबीसर पांढरी, काळ्या डोक्याची अळी. टोपलीतले पंधरावीस बटाटे तसेच. ही बटाट्यावरच्या पतंगाची अळी, आपल्या पठारी भागातली जुनी डोकेदुखी. राखाडी रंगाची बोटाच्या पेराहून लहान पाकोळी, अंधार पडला की उडते आणि उघड्या बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते. आत्या दिवेलागणीच्या आत ढीग का झाकायची ते तेव्हा कळलं. तिला पतंगाचं शास्त्र ठाऊक नव्हतं, ती म्हणायची, “उघडा ठेवला की भुंगा लागतो.”

शेतातसुद्धा हाच धोका असतो. लावल्यावर महिन्याभराने भर लावतो, तेव्हा हात राखून माती घालू नका. बटाट्यावर निदान चार बोटं माती हवी. वरंब्याला भेग पडली की तिथून पाकोळी आत जाते आणि ऊनही लागतं, तुमच्या हिरव्या बटाट्यांपैकी काही तिथेच हिरवे झाले असणार. बाकीचे स्वयंपाकघराच्या ट्यूबलाइटखाली. हिरवा भाग जाडसर कापून टाका, आणि बटाटा बराच हिरवा किंवा कडवट असेल तर सगळाच फेका. उकडून तो विषारी अंश जात नाही.

आत्याची अरण, म्हणजे बटाटा साठवायचा झाकलेला ढीग, अशी असे : आंब्याच्या गर्द सावलीत जमीन थोडी उकरून, पाणी मारून निववून, त्यावर कोरडा पालापाचोळा. वर बटाट्याचा ढीग, त्यावर कडुनिंबाचा वाळका पाला, मग गवताचा जाड थर. दर पंधरा दिवसांनी उकरून वाईट निघाले ते वेचायचे. एप्रिलपर्यंत बटाटा निघे, कोंब काढावे लागत, पण घट्ट असे. तुम्हाला बंगल्यात अरण नको. घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात बांबूची टोपली, तळाला आणि वर कडुनिंबाचा किंवा घाणेरीचा सुकवलेला पाला, दोन बोटं जाड. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत घाम येतो. कांदे दुसऱ्या टोपलीत, दुसऱ्या खोलीत. आठवड्याला एकदा हात फिरवा आणि नाकावर विश्वास ठेवा. एक सडलेला बटाटा दिसायच्या आधी वासाने कळतो.

फ्रिजमध्ये बटाट्यातल्या पिठाची साखर होते. तळताना ती साखर करपते, म्हणून काप काळे. भाजीला चालतील, किंचित गोडसर लागतील.

खरं सांगू? 17 किलो ठेवायचेच कशाला? महाशिवरात्रीच्या सुमाराला उन्हं तापायला लागतात. दहा किलोंचा कीस घाला. मोठ्या भोकाच्या किसणीवर थेट पाण्यात किसायचं, दोनतीन पाणी बदलायची, मीठ आणि तुरटीचा खडा फिरवलेल्या उकळत्या पाण्यातून काढून गच्चीवर पातळ पसरायचा. पाच किलोंचा साधारण किलोभर होतो आणि पुढच्या आषाढीपर्यंत डब्यात कुडकुडीत राहतो. माझ्या सूनबाई म्हणतात, विकत मिळतो की. मिळतो. पण त्याला वास नसतो.

बेण्यासाठी ठेवू नका. जानेवारी ते दिवाळी म्हणजे नऊ महिने, त्यात आपला उन्हाळा. शीतगृहाशिवाय जमायचं नाही. शिवाय मावा, म्हणजे पानांवरची बारीक कीड, एका झाडाचा विषाणू दुसऱ्यावर नेतो, तो बेण्यातून पुढच्या वर्षी उगवतो आणि दरवर्षी बटाटा बारीक होत जातो. पंजाबात जालंधरकडे थंडीच्या सुरुवातीला मावा कमी असतो, म्हणून तिथलं बेणं मंचरच्या बाजारात येतं. दिरांनाच पुन्हा पाठवा. ‘लवकर’ हल्ली मागितलं तरी हाताला लागतंच असं नाही, मलाच गेल्या खेपेला पुखराज मिळाला. पिवळसर, तोही लवकर येणारा. चालेल.

बाजारातून आणलेला बटाटा कुंडीत लावला, महिना झाला, उगवला नाही. बियाणं खोटं होतं का?
— एक वाचक, नाशिक

ते बियाणं नव्हतंच, भाजी होती. शीतगृहातल्या खायच्या बटाट्यावर कोंब येऊ नये म्हणून कधीकधी औषधाची धुरी देतात. आणि नवा बटाटा असेल तर तो झोपलेला असणार, उकरून पाहा. बेणं आणलं तरी लगेच मातीत टाकू नका. आठ-दहा दिवस सावलीत, पण उजेड येईल असं पसरून ठेवा. बोटाच्या नखाएवढे जाड, आखूड कोंब आले की लावा. कापायचं असेल तर प्रत्येक फोडीला दोन डोळे हवेत, आणि फोडी दिवसभर सावलीत सुकू द्या.

आमच्या बागेतल्या बटाट्याला फुलं येऊन टोमॅटोसारखी हिरवी फळं लागली आहेत. आई भारतातून विचारते, भाजी होईल का?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

आईंना सांगा, अजिबात नाही, विषारी आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस लहान असतो, त्यामुळे बटाटा क्वचितच फळतो आणि आईंनी ही फळं पाहिली नसतील. तुमच्याकडच्या उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत ती लागतात. मुलं लहान असतील तर आजच तोडून टाका. खालचे बटाटे नेहमीसारखे खा.