म्हैसूरचा राजवाडा एका दिवसात: वाचकांचे प्रश्न

नागपुरात हल्ली दर दोन घरांआड एक पोरगं बंगळुरूला असतं. आईबाबा पंधरा दिवस राहायला जातात, पाचव्या दिवशी फ्लॅटच्या बाल्कनीचा कंटाळा येतो आणि "म्हैसूर करून येऊ" असं ठरतं. दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी म्हैसूरची असतात. त्यातली काही इथे घेतली आहेत.

मुलगा व्हाईटफील्डला राहतो. गाडीवाल्यानं एका दिवसात श्रीरंगपट्टण, राजवाडा, चामुंडी टेकडी, प्राणिसंग्रहालय आणि वृंदावन गार्डन असे पाच पॉइंट सांगितले आहेत. आम्ही दोघं पासष्टीच्या पुढचे. जमून जाईल का? (मानेवाडा)

जमून जाईल, पण पाच पार्किंग पाहून याल. गाडीवाल्याचा दिवस पॉइंट मोजून भरतो. तुमचा तसा भरायला नको.

आधी अंतराचा हिशेब. बंगळुरू ते म्हैसूर सुमारे १४५ किलोमीटर. मार्च २०२३ मध्ये नवा एक्सप्रेसवे सुरू झाला, तेव्हापासून "दीड तासात म्हैसूर" असं सगळे सांगतात. हा दीड तास बंगळुरूच्या नैऋत्य टोकाच्या केंगेरीपुढे सुरू होतो. व्हाईटफील्ड शहराच्या पूर्वेच्या टोकाला आणि म्हैसूरचा रस्ता नैऋत्येला, म्हणजे आधी अख्खं बंगळुरू ओलांडायचं. सकाळी आठला निघालात तर तेवढ्यातच दीड-दोन तास जातात. सहाच्या आत घर सोडा, वाटेत मद्दूरला थांबून गरम मद्दूर वडा खा आणि दहाला राजवाड्याच्या दारात हजर व्हा. दहालाच तो उघडतो आणि साडेपाचला बंद होतो.

गाडीपेक्षा रेल्वे बरी वाटत असेल तर खुशाल रेल्वेनं जा. दोन-अडीच तासांत पोचवते, स्टेशनवरून राजवाडा रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर. वंदे भारत आणि शताब्दी दोन्ही आहेत, फक्त कोणती गाडी कोणत्या वारी धावत नाही ते पाहून तिकीट काढा.

राजवाड्याला तीन तास द्या. मग जेवण. मग आणखी एकच ठिकाण, ते मनाला येईल ते. बाकीची तीन मुलाच्या पुढच्या बढतीला.

रविवारी जावं की मधल्या वारी? दिवे रविवारीच लागतात म्हणतात. (त्रिमूर्तीनगर)

खरं आहे. रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी सातच्या सुमारास पाऊणएक तास राजवाडा उजळतो, लाखाला थोडेच कमी दिवे. त्या वेळी आवारात जायला तिकीट लागत नाही. आधी अंधारात नुसती काळी रेघ दिसत असते आणि एका क्षणात कमान न् कमान, घुमट न् घुमट सोन्याच्या तारेनं काढल्यासारखा उभा राहतो. माझ्या शेजारचे एक आजोबा "अरे बाप रे" म्हणाले ते अस्सल आपल्याकडच्या सुरात. विचारलं तर निघाले काटोलचे.

पण रविवारी आत मुंगी शिरायला जागा नसते. त्यामुळे आतला वाडा नीट पाहायचा असेल तर मंगळवार-बुधवार, आणि दिवेच हवे असतील तर रविवारी दुपारी उशिरा पोचा. दोन्ही हवं असेल तर रविवारी दहालाच आत शिरा, दुपारी कुठे तरी पाठ टेका आणि सहाला परत या. रात्री घरी पोचायला साडेअकरा होतील, हे मुलाला आधी सांगून ठेवा.

एकदा मी हुशारी केली होती. वाटेत "थोडं हेही पाहून घेऊ" करत पाच वाजून वीस मिनिटांनी दाराशी पोचलो. तिकीट खिडकी बंद. बायको त्या दिवसाला अजूनही "फाटक दर्शन" म्हणते.

आत नेमकं काय पाहायचं? मी इतिहासाची शिक्षिका आहे. चकचकाट पाहून परत यायचं नाही. (महाल)

तुम्ही नागपूरच्या महाल भागात राहता म्हणून हा प्रश्न मला जास्त आवडला. कारण तुमच्या गल्लीपासूनच सुरुवात करता येते.

आज दिसतो तो वाडा जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. आधीचा लाकडी होता. १८९७ मध्ये थोरल्या राजकन्येच्या, जयलक्ष्मम्मण्णींच्या लग्नाच्या धामधुमीत तो जळाला. राजा कृष्णराज चौथे तेव्हा अल्पवयीन, कारभार आईच्या हाती. त्या महाराणींनी त्याच वर्षी नवं काम सुरू करवलं. वास्तुरचनाकार हेन्री आयर्विन, ज्यानं सिमल्याचा व्हाईसरॉयचा वाडा बांधला तोच. काम १९१२ ला संपलं, खर्च साडेएकेचाळीस लाखांच्या घरात.

आता कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या दालनात, उभ्या राहा. अष्टकोनी दालन, वर मोरांची रंगीत काच. लोक मान वर करून मोरांचे फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तुम्ही खांबांकडे पाहा. नक्षी इतकी बारीक की लाकूड कोरल्यासारखी वाटते, पण ते ओतीव लोखंड आहे, ग्लासगोहून आणलेलं. लग्नात घर जळालेल्या माणसांनी लग्नाचा मांडव लोखंडाचा केला! वर काच, खाली फरशी, मध्ये लोखंड. आग खाईल असं फार काही ठेवलंच नाही.

त्याच दालनाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची सव्वीस चित्रं आहेत. हत्ती, घोडदळ, वाजंत्री, सरदार. चेहरे ठोकळेबाज नाहीत, एकेक माणूस ओळखू यावा असा रंगवलेला आहे. तिथे निवांत फिरा, गर्दी तुम्हाला पुढे ढकलेल, तुम्ही बाजूला उभ्या राहा. सोन्यानं मढवलेली अंबारीही पाहा. सगळी मिळून साडेसातशे किलोची, आणि दसऱ्याला ती खरोखर हत्तीच्या पाठीवर चढते.

आता तुमचं महाल. भोसल्यांचा मोठा वाडा, काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामानं भरलेला, १८६४ मध्ये जळाला. नगारखाना तेवढा वाचला, अशी जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे. आग दोन्हीकडे लागली. फरक इतकाच की नागपूरचं राज्य त्याआधी दहा वर्षं, १८५४ मध्ये, खालसा झालं होतं आणि म्हैसूरचं १८८१ मध्ये इंग्रजांनी राजघराण्याला परत दिलं होतं. जळालेला वाडा पुन्हा उभारायला खजिना लागतो. तिकडे तो होता. तुमच्या विद्यार्थ्यांना म्हैसूरला नेता आलं नाही तरी गॅझेटिअरचं ते पान दाखवता येईल.

आईचे गुडघे दुखतात. किती चालावं लागतं? (वर्धमाननगर)

बरंच. दर्शनी मोठं दार पूर्वेला आहे, पण आत सोडतात दक्षिणेच्या वराह दारानं. तिथून आवार ओलांडायचं, मग चपला काढायच्या, मग आतली एकाच दिशेची फेरी. कल्याणमंटप तळमजल्यावर आहे, दरबार हॉलला जिना चढावा लागतो. चकचकीत फरशीवर मोजे घालून चालू नका, घसरायला होतं. आईंना खालचं दाखवा, वरच्या दरबार हॉलचे फोटो काढून आणा आणि बाहेर सावलीत शहाळं पाजा. जिना चढायचाच हट्ट धरला तर कठडा असलेल्या बाजूनं, आणि घाई न करता.

दसऱ्यालाच जावं म्हणतो. तेव्हा खरी मजा असेल ना? (मेडिकल चौक)

मजा आहेच. रोज दिवे लागतात, एरवी कुलपात असणारं रत्नसिंहासन बाहेर काढतात, विजयादशमीला चामुंडेश्वरीची मिरवणूक बन्नीमंटपापर्यंत जाते. बन्नी म्हणजे आपली शमी. पण सकाळी जाऊन रात्री परत हा हिशेब त्या दिवशी विसरा. मिरवणुकीचे पास लागतात, रस्ते बंद असतात. शिवाय त्याच दिवसांत दीक्षाभूमीला लाखो लोक येत असतात, नागपूरची रेल्वे तिकिटं महिनाभर आधी संपतात. तो दसरा स्वतंत्र सहलीचा.

जेवायचं काय? (प्रतापनगर)

केळीच्या पानावरचं साधं जेवण. फक्त वाढप्याला "थोडा सांबार टाका वरून" म्हणू नका. आपल्या वऱ्हाडी सवयीनं कोथिंबीर मागाल आणि ताट भरून डाळ येईल. म्हैसूरपाक राजवाड्याच्या मुदपाकखान्यातच जन्माला आला असं सांगतात. येताना अर्धा किलो आणा, संत्रा बर्फीशी तुलना मात्र घरी कुणापुढे करू नका.

राजवाडा पाहून दोन तास उरतील. एकच ठिकाण सांगा. मला चित्रांची आवड आहे. (धरमपेठ)

जगनमोहन राजवाडा. चालत जाता येतो. वाडा जळाल्यावर राजघराणं इथेच राहायला आलं आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या उपस्थितीत कृष्णराज चौथ्यांना अधिकार मिळाले ते इथेच. आता तिथे चित्रसंग्रह आहे. दालनं दुरुस्तीसाठी बंद नाहीत ना, याची आधी चौकशी करा.

राजा रविवर्म्यांची चित्रं आहेतच, पण तुम्ही "दिवा घेतलेली स्त्री" शोधा. साडी नेसलेली मुलगी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड. बोटांच्या मधल्या फटी पाहा, तिथे कातडी पातळ होऊन आतून पेटल्यासारखी दिसते. तेही जलरंगात, जिथे चुकलं तर खोडता येत नाही. कितीतरी लोक हे रविवर्म्यांचं समजून पुढे जातात. हे आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं. दिवाळीत सुचलं म्हणतात, आणि उभी केली होती त्यांनी स्वतःची मुलगी.