जातिभेदावर एवढं संशोधन होतं, त्याने प्रत्यक्षात काही फरक पडतो का? की नुसते पेपर छापले जातात?

बरेच पेपर कपाटातच राहतात, मान्य. मी अर्थशास्त्र शिकवतो; त्यातले निम्मे मलाही वाचवत नाहीत. पण काही प्रयोग डोक्यातून जात नाहीत.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात (आपल्या अमरावती जिल्ह्यातले) आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण त्याच तोडीचं, फरक नावाचा. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लीम नावाला एक तृतीयांश. 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' हे वाक्य तेव्हापासून मला ऐकवत नाही.

हे झालं मोजमाप. भेद कमी कसा होतो, ते मॅट लो या संशोधकाने क्रिकेटमधून तपासलं. उत्तर प्रदेशात त्याने वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन प्रयोग केला. कोण खेळणार, कोण कुणाच्या संघात, हे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. एका संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातीतल्यांशी मैत्री वाढली, बक्षिसासाठी मत देताना आपल्याच जातवाल्याला झुकतं माप देणं कमी झालं. समोरच्या संघात दुसऱ्या जातीचे असले, तर मात्र परिणाम बहुतांशी उलटा! म्हणजे 'लोकांना एकत्र आणा' एवढं म्हणून भागत नाही; कशासाठी आणि कुठल्या बाजूला उभं करून आणता, ते बघावं लागतं.

अर्थात एक संघ म्हणजे सगळं आलं असंही नाही. दलित गोलंदाज पालवणकर बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पण त्याआधी पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात यायचा. त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालत होता.

आमच्या गावात दर मे महिन्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. संघ आळीवार, आणि आळी म्हणजे जवळपास जातच. मॅट लोच्या प्रयोगातला नेमका चुकीचा अर्धा भाग आम्ही दरवर्षी उत्साहाने करतो. यंदा मी म्हटलं, खेळाडू चिठ्ठ्या टाकून वाटू. पोरं तयार होती. मंडळातले एक काका म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण मग जेवायला कोण कुणाच्या आळीत बसणार?"