वळवाच्या आधी लसूणघास वाळवा

लसूणघासाची (ल्यूसर्न या हिरव्या चाऱ्याची) वाळकी वैरण करायची असेल तर मार्च-एप्रिलमध्येच उरका. मे उजाडला की कोल्हापूर भागात वळीव कधी गाठेल याचा नेम नाही. दहातल्या एखाद्या झाडाला फूल दिसलं की कापणी धरा. सगळं फुलू दिलंत तर काड्या राठ होतात.

सकाळी दव उडाल्यावर कापून पातळ पसरा. खरी काळजी पानांची, कारण निम्म्याहून जास्त प्रथिनं पानांतच असतात. भर उन्हात उलथवलं की वाळलेली पानं झडतात आणि जनावरापुढं नुसत्या काड्या पडतात. म्हणून दुसऱ्या दिवसापासून पहाटेच, पानं मऊ असताना उलथा.

ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. ती ओळखायला कोरड्या काचेच्या बरणीत वैरणीचे बारीक तुकडे आणि चमचाभर सुकं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मिठाचे खडे धरले तर अजून वाळवा, सुटं राहिलं तर गंजी रचा. ओली रचलेली गंजी आतून तापते, बुरशी धरते, कधी पेटतेसुद्धा. बुरशीची वैरण गाभण म्हशीला तर अजिबात घालू नका.

गंजीखाली फळ्या टाका, वर ताडपत्री. १०० किलो हिरव्या घासातून साधारण २२ ते २५ किलो वाळकी वैरण हाती येते.