‘चालेल’ म्हणायची सवय आणि परदेशातलं भाड्याचं घर

"मॅडम, नोकरी मिळाली, व्हिसाचंही होईल, पण तिकडे मला राहता येईल असं घर कुठून मिळणार?" हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने ‘नोकरी मिळाली’ म्हणलं की पुढचं मला आधीच ऐकू यायला लागतं. कधी समोर व्हीलचेअर वापरणारा तरुण असतो, कधी सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराची आई, कधी गुडघे गेलेल्या सासूबाईंना सोबत नेणारं जोडपं. देश वेगवेगळे, काळजी एकच. मी समुपदेशक, त्यामुळे गंमत म्हणजे घराचं विचारायला म्हणून माझ्याकडे कोणीच येत नाही. झोप लागत नाही म्हणून येतात, चिडचिड होते म्हणून येतात, किंवा ऑफर नाकारू का हे विचारायला येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यात घर निघतं.

म्हणून आज एक गोष्ट सांगतेच. नाव-गाव बदललंय, दोन-तीन जणांचे प्रसंग एकीच्यात घातलेत, आणि ज्यांचे आहेत त्यांना विचारलंय.

तिला मृण्मयी म्हणू. वय ३१, कोथरूडला आईबाबांबरोबर राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. बावीसची असताना अपघात झाला, मणक्याला इजा, तेव्हापासून व्हीलचेअर. हात एकदम दणकट, स्वतःची स्वतः बेडवरून चेअरवर, चेअरवरून गाडीत. तिला जर्मनीत स्टुटगार्टची ऑफर आली होती आणि तीन महिन्यांनी जॉइन व्हायचं होतं. पहिल्या भेटीला बाबा सोबत आले आणि तिच्याआधी तेच बोलले.

"तुम्हीच समजवा हिला. इथे आम्ही आहोत म्हणून निभतंय. तिकडे कोण बघणार?"

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, घर कसंही असलं तरी मला चालेल, फक्त मिळायला पाहिजे."

मी वहीत ‘चालेल’ लिहून ठेवलं. सवय आहे मला. मी ज्या पद्धतीत शिकले तिथे भावनेशी झटापट करत नाहीत, त्या भावनेमागे माणूस स्वतःला कोणतं वाक्य ऐकवतोय ते पकडतात. काही सहकारी बालपणापासून सुरुवात करतात, त्यांचंही बरोबर असेल, पण तिकीट तीन महिन्यांनंतरचं असलं की बालपणाला वेळ नसतो.

पुढच्या वेळी तिला म्हणलं, घरमालकांना जे ईमेल पाठवतेस त्यातलं एक वाचून दाखव. मोठ्यांदा. तिने मोबाईल काढला आणि वाचायला लागली. मणक्याच्या कुठल्या भागाला इजा, किती ऑपरेशनं, मी पूर्ण स्वावलंबी आहे, माझा कोणालाही त्रास होणार नाही, भिंतींना चेअर लागणार नाही ह्याची मी काळजी घेईन, गैरसोयीबद्दल क्षमस्व. घर कसं हवंय ह्याबद्दल शेवटी एकच ओळ होती, की पायऱ्या कमी असतील तर बरं.

"हे घर मागायचं पत्र आहे का माफीनामा?" मी विचारलं. ती हसली, पण डोळ्यांपर्यंत पोचलं नाही हसू.

"किती जणांना पाठवलंस?"

"सव्वीस."

"उत्तरं?"

"दोन. एकाने ग्राउंड फ्लोअर आहे म्हणून सांगितलं, मी खूश. फोटो मागवले तर दाराच्या आत पाच पायऱ्या. मी म्हणलं पाच चालतील, कोणीतरी उचलेल."

आता हे जर्मनीबद्दल माहीत नसेल तर सांगते, कारण ह्यात भलेभले फसतात. तिथल्या जुन्या इमारतीत तळमजला म्हणून जे सांगतात ते पुष्कळदा ‘होखपार्टेरे’ असतं, म्हणजे जमिनीपासून अर्धा मजला वर, पाचसात पायऱ्या चढून. लिफ्ट आहे म्हणतात ती मागाहून बसवलेली असेल तर कधीकधी दोन मजल्यांच्या मधल्या कट्ट्यावर थांबते, म्हणजे लिफ्टमधून उतरून परत अर्धा जिना. जाहिरात खोटी नसते हं. लिफ्ट असतेच.

पण तेव्हा मला पायऱ्यांपेक्षा ते ‘कोणीतरी उचलेल’ टोचलं. रोज सकाळी ऑफिसला जाताना कोण उचलणार, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. हुशार मुलगी, दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. मग हळूहळू आणखी एक निघालं. कंपनीला तिने व्हीलचेअरचं सांगितलंच नव्हतं. इंटरव्ह्यू सगळे व्हिडिओवर, त्यात कमरेवरचंच दिसतं.

"सांगितलं आणि त्यांनी ऑफर काढून घेतली तर?"

"कॉन्ट्रॅक्टवर सह्या झाल्यात ना?"

"हो."

"मग पहिल्या दिवशी दारात चेअर बघून त्यांना कळणारच आहे. तोपर्यंत घर शोधायला मदत करू शकणारी जी माणसं आहेत त्यांच्यापासूनच तू लपतीयेस."

चार दिवस घेतले तिने, पण एचआरला कळवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: कळवल्याबद्दल आभार, घरासाठी आणि ऑफिससाठी तुमच्या गरजा आणि मापं पाठवा. मला वाटलं आता सुटलं. पण पुढच्या भेटीला ती आधीपेक्षा जास्त घाबरलेली. म्हणे मॅडम, काय लिहू? माझी चेअर किती रुंद आहे तेच मला माहीत नाही. मी लिहिलं होतं की कसंही चालेल, मग खोडलं.

मी तिला एक मोजायची टेप दिली. माझ्याच ड्रॉवरमधली, शिलाईची, पिवळी. म्हणलं आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत तू जिथे जिथे जातेस, वळतेस, हात लावतेस ते सगळं मोज. घरमालक काय म्हणतो, जर्मनी काय म्हणते ते बाजूला राहू दे.

पुढच्या सेशनला ती आणि बाबा दोघं आले. तिने वही उघडली. चेअरची रुंदी ६२ सेंटीमीटर. फूटरेस्टसकट लांबी १०५. टॉयलेटवर डावीकडून सरकते, म्हणजे डाव्या बाजूला चेअर लावायला जागा पाहिजे. सिंकखाली गुडघे जायला ६८. वाचता वाचता एका ओळीवर थांबली आणि तिने मला स्वतःचा उजवा हात दाखवला. बोटांच्या पेरांवर जुने, काळे पडलेले खरचटे होते.

"बाथरूमचं दार ६८. चेअर ६२. दोन्हीकडे तीन तीन. चाकाला हात धरला की हाताला जागाच नाही, म्हणून हे. मला वाटायचं मी धसमुसळी आहे."

कोणीच बोललं नाही. मीही नाही, आणि वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी एवढं तरी शिकलीये की अशा वेळी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करू नये.

मग बाबा म्हणाले, "अगं, मी तुला विचारलं होतं. हॉस्पिटलमधून आलो तेव्हा. दार मोठं करून घेऊ का म्हणून."

"हो. मी म्हणलं चालेल."

"हो ना. तू म्हणलीस चालेल."

आणि ती एकदम हसायलाच लागली, रडत रडत. "बघा ना मॅडम. चालता येत नाही आणि नऊ वर्षं सगळ्यांना म्हणतीये चालेल, चालतंय."

मी हे कुठल्याही तंत्राने घडवलं असं म्हणणार नाही, पण टेप द्यायचं मात्र मला सुचलं होतं आणि त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. कारण तिथे मला स्वतःला एक गोष्ट लख्ख दिसली. ‘तिकडे घर मिळेल का’ ही भीती तिला परवडत होती. मिळालं नाही तर दोष जर्मनीचा, घरमालकांचा, नशिबाचा. ‘मला काय लागतं’ हे सांगणं त्यापेक्षा कितीतरी अवघड होतं, कारण ते आधी आईबाबांना सांगावं लागलं असतं, आणि त्यांनी आधीच इतकं केलंय तर अजून किती मागायचं. आपल्याकडे गुणी पोरीची व्याख्याच ती, जिला सगळं चालतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की कोणाला ‘घर अॅक्सेसिबल आहे का’ असं विचारूच नका. समोरचा प्रामाणिकपणे हो म्हणतो, कारण त्याच्या आजी तिथे काठी घेऊन येतात. आकडा विचारा. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी किती, चौकट धरून नाही. रस्त्यापासून बेडपर्यंत किती पायऱ्या, आणि प्रत्येक किती उंच. ‘दोनच पायऱ्या आहेत’ ह्यावर खूश होऊ नका. जर्मनीतल्या मानकात रॅम्पचा उतार जास्तीत जास्त ६ टक्के धरतात, म्हणजे १७ सेंटीमीटरच्या एका पायरीला जवळपास तीन मीटर रॅम्प लागतो, दोन पायऱ्यांना सहा. तेवढी जागा दारापुढे आहे का बघा. आणि व्हिडिओ कॉलवर दाखवणाऱ्याला दारात टेप धरायला सांगा, लाजू नका.

जर्मनीत जाहिरातींमध्ये दोन शब्द येतात, बारियरेफ्राय आणि रोलश्टूलगेरेख्ट. आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात. पहिला म्हणजे अडथळे नाहीत, दुसरा म्हणजे खास व्हीलचेअरने पूर्ण वापरता येईल असं. डीआयएन १८०४०-२ नावाचं मानक आहे, त्यात साध्या प्रकाराला घरातली दारं ८० सेंटीमीटर आणि वळायला १२० बाय १२० जागा पुरते, व्हीलचेअरच्या प्रकाराला दारं ९० आणि जागा १५० बाय १५०. ‘बारियरेआर्म’ असं लिहिलं असेल तर अडथळे कमी आहेत एवढाच अर्थ, त्यावर तिकीट काढू नका. मृण्मयीचा आकडा हातात असल्यामुळे तिला ८० ची दारं चालणार होती, आणि ह्या ‘चालणार’ला हिशोब होता. नुसतं रोलश्टूलगेरेख्टच पाहिजे म्हणून शोधली असती तर तिची यादी फारच छोटी झाली असती.

बाकीचं पटापट सांगते. डिपॉझिट तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. निव्वळ म्हणजे काल्टमीटे, हीटिंग-पाणी सोडून. मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल, असं कोणी म्हणलं की तो चोर समजा. नवीन माणसाकडे शूफा, म्हणजे तिथला क्रेडिट रिपोर्ट नसतो, त्याऐवजी नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट आणि कंपनीचं पत्र जोडा. घरात किचन नसू शकतं, म्हणजे खरंच नसतं, ओटा-सिंकसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाचं पत्र लागतं, म्हणून पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती जागा घेताना ते पत्र देणार का हे आधी विचारा. आपलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, तिथे चालत नाही, तिथला दाखला तिथे जाऊन नव्याने काढावा लागतो.

आणि घर थोडक्यात हुकत असेल तर हेही माहीत असू द्या. १ डिसेंबर २०२० पासून तिथल्या कायद्यात भाडेकरूला अपंगत्वासाठी लागणारे बदल, जसं की धरायला आधाराचा दांडा बसवणं, उंबरठा काढणं, करू द्या असं मालकाकडे मागता येतं. खर्च आपला, मालक जादा डिपॉझिट मागू शकतो, जाताना पूर्ववत करून द्यावं लागू शकतं, आणि त्याच्यावर फारच बोजा पडत असेल तर तो नाही म्हणू शकतो. पण तो उपकार करत नाही, तुम्ही हक्काने विचारताय. तसंच, ज्या कंपनीत गंभीर अपंगत्व असलेले किमान पाच कर्मचारी असतात तिथे त्यांचा निवडून दिलेला प्रतिनिधी असू शकतो. त्या पदाचं जर्मन नाव इतकं लांब आहे की मी अजून एका दमात म्हणू शकले नाही, पण एचआरला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा की असं कोणी आहे का. मृण्मयीच्या कंपनीत एक बाई निघाल्या, स्वतः व्हीलचेअरवर. शहराच्या कुठल्या भागात घर बघायचंच नाही हे त्यांनी पहिल्या कॉलवर सांगितलं. स्टुटगार्ट वाडग्यासारखं आहे, मध्ये खोलगट आणि भोवती टेकड्या, टेकड्यांवर जायला ४०० च्या वर जिने, त्यांना तिकडे श्टॅफेले म्हणतात. घर आतून कितीही छान असो, बाहेर चढ असेल तर हात भरून येणार. नेकार नदीकडचा सपाट भाग बघ, ट्रामच्या स्टॉपजवळ, म्हणाल्या.

माफीनामा आम्ही फाडला नाही, नवीन पत्र लिहिलं तिने. सहा ओळी. कोण, कुठे नोकरी, कधीपासून, मग पाच मापं. सॉरी एकदाही नाही. नंतरच्या एका कॉलवर एजंटने एक सुंदर फ्लॅट दाखवला, लाकडी जमीन, मोठी बाल्कनी, आणि बाथरूममध्ये शॉवरऐवजी बाथटब. तिने मला नंतर सांगितलं, तोंडात ‘चालेल’ आलंच होतं. मग म्हणाली, "नाही, हे मला चालणार नाही. जमिनीच्या पातळीतला शॉवर असलेलं दाखवा." आणि कॉल संपल्यावर तिला मळमळलं, एवढं अनोळखी होतं ते वाक्य.

घर मिळालं, पण जायच्या आधी नाही. आधी महिनाभर हॉटेलच्या खोलीत, मग नदीकडे दोन खोल्यांचं. किचन नव्हतंच, त्यामुळे ओटा पहिल्यापासून तिच्या उंचीचा झाला.

बाबा मात्र मला मध्येच एकदा भेटायला आले, अपॉइंटमेंट न घेता. टेप परत करायला. म्हणाले, बाथरूमचं दार फोडून घेतलं, ती डिसेंबरात येईल ना सुट्टीला. गवंड्याने ८४ करून ठेवलं होतं, म्हणाला साहेब एवढं खूप झालं, चालेल. "म्हणलं चालणार नाही, नव्वद कर. परत फोडायला लावलं."