बांधावरच्या भांडणात माझं नाव गुन्ह्यात आलं होतं, पुढे तडजोड झाली. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये) ते लिहावं लागतं का?

हो, लिहा. सगळं लिहा.

तुमचा प्रश्न वाचला आणि माझाच 2014 सालचा फॉर्म आठवला. आमच्याकडेही भांडण बांधाचंच होतं. चुलत्यांच्या मनगटाचं हाड मोडलं. मी कॉलेजात होतो, सोडवायला मधे पडलो होतो, पण फिर्यादीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं गेली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 325, म्हणजे गंभीर दुखापत, आणि 323, 504, 506, सोबत 34. दोन वर्षांनी कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली, दोन्ही घरं पुन्हा एका पंगतीला बसली. लिपिक म्हणून निवड झाल्यावर साक्षांकन नमुना हातात आला तेव्हा वडील म्हणाले, "मिटलंय ना ते? कशाला उकरून काढतोस?" मी पेन हातात धरून बराच वेळ त्या एका रकान्याकडे बघत बसलो होतो.

तो रकाना नीट वाचा. तुम्ही दोषी आहात का, एवढंच तिथे विचारलेलं नसतं. कधी अटक झाली का, खटला भरला गेला का, बंधपत्र लिहून घेतलं का, दंड झाला का, एखादं प्रकरण प्रलंबित आहे का, असं एकेक विचारलेलं असतं. तडजोड झाली की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही निर्दोष सुटलात, हे खरं. पण म्हणून "खटला भरला होता का" याचं उत्तर "नाही" होत नाही. बहुतेक जण इथेच फसतात. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता राखण्यासाठी होणाऱ्या प्रतिबंधक कारवाईत, तहसीलदारांसमोर बंधपत्र दिलं असेल तर तेही याच रकान्यात येतं, आणि ते तर कुणाच्या लक्षातच राहत नाही.

माझ्याबरोबर निवड झालेल्या एका मुलाने "नाही" लिहिलं. त्याची केस माझ्यापेक्षा किरकोळ होती. चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्याच्या नोंदीत ती सापडली आणि त्याची नेमणूक रद्द झाली. कारण दिलं ते माहिती दडवल्याचं, भांडणाचं नाही. त्याच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो, म्हणून इतक्या कळकळीने लिहितोय.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा तीन न्यायाधीशांचा निकाल महत्त्वाचा आहे. माहिती खरीच दिली पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारख्या किंवा किरकोळ गुन्ह्याची माहिती राहून गेली तर नेमणूक करणारा ती चूक पोटात घालू शकतो, पण तो त्याचा विवेक, आपला हक्क नव्हे. खरं लिहूनही नोकरी मिळेलच असं नाही, कारण पूर्वचरित्र तपासायचा अधिकार त्यांच्याकडे राहतोच. मात्र जे स्पष्टपणे विचारलेलं नाही ते लिहिलं नाही, म्हणून माहिती दडवली असं म्हणता येत नाही.

कुणी तुम्हाला 2011 चा संदीप कुमारचा निकाल दाखवेल. दिल्ली पोलीस भरतीतला हा उमेदवार, त्याच्यावरही 325 होतं, तडजोड झाली होती, सुरुवातीला त्याने लपवलं आणि तरी न्यायालयाने वय बघून त्याच्या बाजूने निकाल दिला. पण त्यासाठी त्याला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. त्या भरवशावर "नाही" लिहू नका.

घटनेच्या वेळी तुमचं वय अठराच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. बाल न्याय कायद्याच्या कलम 24 नुसार त्या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही, फक्त काही अपवाद आहेत. तसं असेल तर आधी वकिलांना विचारा.

आता कामाचं. केस नंबर घेऊन कोर्टाच्या नक्कल विभागात जा आणि निकालाची प्रमाणित नक्कल मागा. दोन प्रती काढा. फॉर्ममध्ये गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, कलमं, कोर्ट, निकालाची तारीख लिहा आणि नक्कल जोडा. जागा पुरत नसेल तर वेगळा कागद लावून रकान्यात "सोबत जोडले आहे" लिहा. मी तसंच केलं होतं. पडताळणीला गेलो तेव्हा हवालदारांनी रजिस्टर उघडलं, माझ्या कागदावरचा नंबर त्यावर बोट ठेवून ताडून पाहिला आणि म्हणाले, "जुळतंय."

रुजू व्हायला मला चार महिने उशीर झाला. तुम्हालाही होईल कदाचित. नक्कल मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा उद्याच अर्ज टाका.